जिप्सी ६७०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) वर दम सोडते : व्हॉल्व्ह स्प्रिंगा बदलू की आणखी काही?

पऱ्हाटी_१३००
राम राम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला. दोन वर्षांपूर्वी मिलिटरीच्या लिलावातून निघालेली जिप्सी किंग घेतली, १३०० ची, १६ व्हॉल्व्हवाली. रस्त्यावर चालवत नाही. ट्रॉलीवर टाकून ऑटोक्रॉसला (मैदानावरची वेळेची शर्यत) नेतो आणि सराव घरच्याच वावरात, पऱ्हाटी उपटून झाली की.

दिवाळीनंतर इंजिनचं काम केलं. जुनाच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) रीग्राइंड, म्हणजे नव्याने घासून आणला, लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, आता ९ मिमी. हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्हवाला भाग) शहरातल्या एका दुकानात दिलं. त्यांनी सीट (व्हॉल्व्ह बंद होऊन टेकतो ती कडा) कापल्या, व्हॉल्व्ह त्यावर घासून लॅप केले आणि मी दिलेल्या नव्या कडक सिंगल स्प्रिंगा टाकल्या. ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) प्रोग्राम करता येणारा आहे, लिमिटर, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, ७६०० वर ठेवलाय.

त्रास असा : ६५०० पर्यंत गाडी अशी ओढते की शंकरपटात जोडी सुटली. ६७०० ला मात्र सायलेन्सरमधून फडफड सुरू होते, आवाज फाटतो आणि पुढे काहीच नाही. पाय खाली दाबला काय नि न दाबला काय, सारखंच. एक मित्र म्हणतो डबल स्प्रिंगा टाक, दुसरा म्हणतो टायटॅनियमचे रिटेनर (स्प्रिंगवरच्या टोप्या) मागव. दोन्हींचा हिशेब मांडला तर अर्धी तूर त्यात जाते. सांगा काय करू.

संत्राबाग_वरुड
डबल स्प्रिंग टाक अन् मोकळा हो भाऊ. मी माझ्या एस्टीमसाठी मागवून ठेवल्याच आहेत.

डेक्कनवाला
लक्षणं सरळ सरळ व्हॉल्व्ह फ्लोटची आहेत. कॅमचं नाक (उंच टोक) निघून गेलं तरी व्हॉल्व्ह मागे येत नाही, रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा हात) कॅमवरून सुटतो, व्हॉल्व्ह सीटवर आपटून उडतो. माझं मत : बीहाइव्ह स्प्रिंगा आणि टायटॅनियम रिटेनर. बीहाइव्हची वरची वेटोळी लहान होत जातात, म्हणून रिटेनर छोटा आणि हलका लागतो. शिवाय प्रत्येक वेटोळ्याची कंपनं वेगवेगळी असल्याने स्प्रिंग स्वतःच्याच लाटेत सापडत नाही. टायटॅनियमची घनता ४.५, स्टीलची ७.८ च्या आसपास, म्हणजे त्याच मापाचा रिटेनर चाळीस टक्क्यांहून जास्त हलका.

होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रात १६०० सीसीमधून ७६०० वर १६० पीएस काढले. १९९९ च्या एस२००० ची रेडलाइन ९००० होती. फॉर्म्युला वनमध्ये तर रेनोने १९८६ मध्येच पोलादी स्प्रिंगा काढून दाबलेल्या वायूच्या लावल्या. डुकाटी अजूनही काही इंजिनांत व्हॉल्व्ह बंद करायला वेगळा कॅम आणि रॉकर वापरते. तेव्हा ७६०० म्हणजे काही चंद्रावर जाणं नाही.

बाप्पू_लेथ
चंद्रावर जा नाही तं मंगळावर जा. इन्स्टॉल हाइट, म्हंजे व्हॉल्व्ह बंद असतानी स्प्रिंगची उंची, किती हाय थे सांगा पयले.

कॅमताई
डेक्कनवाला यांनी सांगितलेलं चुकीचं नाही, पण खरेदीची यादी आधी झाली आणि तपासणी राहिली. (यवतमाळकडे पॉलिटेक्निकला शिकवते, त्यामुळे फळा समोर असल्यासारखी बोलते. सांभाळून घ्या.)

स्प्रिंगचं काम व्हॉल्व्ह नुसता बंद करणं एवढंच नाही. कॅमचं नाक ओलांडताना व्हॉल्व्ह, रिटेनर, लॉक (रिटेनरला दांड्यावर धरणारे तुकडे) आणि रॉकरचं टोक हे सगळं वरून परत फिरवायचं असतं. फिरवायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ७५०० ला गेलात तर आरपीएम १५ टक्के वाढले, पण जोर ३३ टक्के जास्त लागतो. म्हणून ६५०० ला गाडी अगदी छान असते आणि जरा पुढे गेलं की एकदम हात टेकते.

वजनाच्या बाजूने पाहिलं तर व्हॉल्व्ह, रिटेनर, लॉक हे पूर्ण मोजायचे, स्प्रिंगचं साधारण एक तृतीयांश, आणि रॉकरचा जो भाग शाफ्टपासून लांब तो जास्त जड पडतो. म्हणून व्हॉल्व्हच्या बाजूचे पाच ग्रॅम कमी करणं हे कॅमच्या बाजूच्या पाच ग्रॅमपेक्षा मोलाचं. रिटेनर हलका करण्यात अर्थ आहे तो यासाठी.

पण पऱ्हाटी भाऊ, फ्लोट आहे हे आधी सिद्ध करा. प्लगची गॅप मोठी असेल, कॉइल थकली असेल तरी वरच्या आरपीएमला अशीच फडफड होते. चांगली कॉइल लावून, गॅप थोडी कमी करून एक फेरी मारा. फडफड त्याच आकड्याला आली तर मग हेडकडे या.

वणीचा_कोळसा
आणि हे सगळं झालं की समृद्धीवर एकदा ताणून पहा, नागपूर ते धामणगाव 😀

कॅमताई
नको. तिथे मर्यादा १२० ची आहे. टायर फुटून काय होतं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. हा धागा शेतातल्या आणि बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीबद्दल आहे.

धुऱ्यावरचा
आरसीवर जे लिहिलंय त्यापासून वेगळी गाडी रस्त्यावर चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. इथले पोट्टे वाचत असतात म्हणून सांगतो. ट्रॉलीवर नेतो हे बरं करतो भाऊ.

पऱ्हाटी_१३००
ताई, शेजाऱ्याच्या एस्टीमची कॉइल लावून पाहिली. गॅप १.० ची ०.८ केली. फडफड पुन्हा ६७०० लाच. टॅकोमीटरचा काटा जणू तिथे खिळा ठोकलाय.
बाप्पूकाका, इन्स्टॉल हाइट मी मोजली नाही. दुकानवाल्याने "सब बराबर है" सांगितलं होतं. टॅपेटचा गॅप (रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांड्यातली फट) मी स्वतः पुस्तकाप्रमाणे लावला, स्क्रू व्हॉल्व्हकडे नेहमीएवढेच बाहेर होते, म्हणून मलाही शंका आली नाही.

बाप्पू_लेथ
सब बराबर है म्हन्ते तवाच फीलर गेज काढाव. चाळीस साल झाले मले हेडं उघडून रायलो, मापाशिवाय बराबर काहीच नसते.

आइक. स्प्रिंग किती कडक हाय थे दुकानाच्या कार्डावर असते. पन थे कार्ड एका उंचीसाठी असते. सीट घासली का व्हॉल्व्ह हेडात खोल बसते. खोल बसली का त्याचा दांडा वर निंघते, दांड्यासंगं लॉक वर, रिटेनर वर. स्प्रिंगले जागा जास्त भेटली का थे ढिली पडली. कडक स्प्रिंग आनली, पैसे देल्ले, अन् खाटेवर झोपवून ठेवली, असं झालं थे.

हेड उतरवाची गरज नाई. पिस्टन थोडा खाली ठेव, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भर, मंग क्रँक हातानं फिरव, दोरी दबून व्हॉल्व्ह वर धरून ठेवते. दोरीचं एक टोक बाहेर ठेवजो. सुती दोरी घेऊ नको, आपल्या मुलखात सुताले तोटा नाई पन त्याचे धागे आत रायतात. टायमिंग बेल्ट सुटला नाई पायजे. मंग स्प्रिंग कंप्रेसरनं एकेक स्प्रिंग काढ, खालच्या बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या तोंडापर्यंत मोज. रिटेनर अन् लॉक हातानं वर ओढून धर, नाई तं माप खोटं येते.

अन् सोयाच्या सोया स्प्रिंगा तोल. ड्रिल मशीनच्या टेबलावर संत्रे तोलाचा इलेक्ट्रॉनिक काटा ठेव, १०० किलोचा, त्याच्यावर लोखंडी पट्टी, त्याच्यावर स्प्रिंग. चकानं दाबत आन, व्हर्नियरनं उंची पाय, काट्यावर वजन पाय. डोयाले चष्मा लाव बापा. स्प्रिंग सटकली तं गोफनीचा गोटा हाय थे.

पऱ्हाटी_१३००
काका, काटा शेजारच्या बागवानाकडून आणला. दोन दिवस गेले, मध्ये वीज गेली म्हणून एक रात्र ट्रॅक्टरच्या लाइटवर. मापं देतो.

स्प्रिंगचं कार्ड : ३३ मिमी उंचीला २४ किलो, दर मिमीला ३ किलो वाढ, पूर्ण दबल्यावर २१.५ मिमी.
काट्यावर १६ ही स्प्रिंगा ३३ ला २३.५ ते २४.५. म्हणजे माल चोख आहे.
इन्स्टॉल हाइट : इनटेक ३३.१ ते ३३.६. एक्झॉस्ट ३३.९ पासून वर, आणि दोन व्हॉल्व्ह ३४.७ नि ३४.८.

व्हॉल्व्हच्या दांड्यांची टोकं पाहिली, त्या दोघांवर ठोकल्यासारखे चकचकीत डाग आहेत. बाकीच्यांवर नाहीत.

कॅमताई
शाब्बास. आता बघा काय सापडलंय.

३४.८ म्हणजे १.८ मिमी जास्त. सीटवरचा दाब २४ ऐवजी १८.६ किलो. पूर्ण ९ मिमी उघडल्यावर ५१ किलो हवे होते, तिथे ४५.६. वरून परत फिरवायला हाच वरचा आकडा मोलाचा. आरपीएमची मर्यादा या जोराच्या वर्गमुळाने बदलते. ४५.६ भागिले ५१ चं वर्गमूळ ०.९४५ येतं. हीच स्प्रिंग बरोबर उंचीवर तुमच्या कॅमसोबत ७१०० च्या आसपास टिकणारी असेल, तर खोल बसलेल्या व्हॉल्व्हवर ती ६७०० ला सुटणार. तुमचा खिळा तिथेच ठोकलेला आहे.

सीटवरचा दाब कमी झाल्याचा वेगळा तोटा : बंद होताना व्हॉल्व्ह सीटवरून उडतो. ते चकचकीत डाग त्या मारामारीचे.

आणि टॅपेटचे स्क्रू नेहमीएवढे कसे दिसले, हे मला फार आवडलं. कॅम रीग्राइंड करताना लिफ्ट वाढवायला गोल भागच घासून लहान करतात. त्यामुळे रॉकरची कॅमकडची बाजू खाली जाते, व्हॉल्व्हकडची वर येते, गॅप वाढतो आणि स्क्रू व्हॉल्व्हकडे जास्त बाहेर काढावा लागतो. उलट व्हॉल्व्ह खोल बसला की दांडा वर येतो, गॅप कमी होतो, स्क्रू आत घ्यावा लागतो. तुमच्याकडे दोन्ही एकदम झालं, एकाने दुसऱ्याला झाकलं. स्क्रू पाहून कुणालाच कळलं नसतं. (पुढच्या परीक्षेत मी हा प्रश्न घालणार आहे.)

डेक्कनवाला
मान्य. हाइट विचारायला हवी होती, ते मी केलं नाही. तरी एक मुद्दा मांडतो : डबल स्प्रिंग असती तर हा दोष झाकला गेला असता की नाही?

कॅमताई
झाकला गेला असता, हो. आणि तीच तर अडचण आहे. डबल स्प्रिंगचे फायदे खरे आहेत. आतली आणि बाहेरची उलट दिशेने वळलेली असते म्हणून एकीची वेटोळी दुसरीत अडकत नाहीत, दोघींच्या घर्षणाने कंपनं मरतात, एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला लटकवून ठेवते आणि तो पिस्टनवर पडत नाही. पण प्रत्येक जास्तीचा किलो कॅमच्या नाकावर आणि रॉकरवर रात्रंदिवस बसतो. सगळ्यात जास्त झीज तर कमी आरपीएमला होते, कारण तेव्हा वजनाचा उलटा जोर स्प्रिंगचा भार हलका करत नाही, आणि तेलाचा थरही पातळ असतो. जेवढी लागते त्याहून थोडीच जास्त कडक, बस.

वणीचा_कोळसा
मग टायटॅनियम कधी घ्यायचं ताई? खाणीतल्या धुळीत चालेल का?

कॅमताई
धूळ फिल्टरने थांबली नाही तर टायटॅनियम आणि पोलाद दोघंही मरतात. टायटॅनियमचा रिटेनर स्प्रिंगच्या टोकाशी आणि लॉकशी घासून खरवडला जातो, त्याला ठराविक तासांनी काढून पाहावं लागतं. ज्याचं हेड हंगामातून चारदा उघडतं त्याने घ्यावा. आपल्यासारख्याला चांगल्या पोलादाचा हलका केलेला रिटेनर पुरतो.

बाप्पू_लेथ
आता इलाज आइक. ज्या व्हॉल्व्हा अर्धा-एक मिमी वर हाय त्याहिच्या स्प्रिंगीखाली कडक पोलादाचे शिम, म्हंजे पातळ चकत्या, टाक, ०.५ चे, १.० चे भेटतात. पत्रा कापून शिम बनवू नको, थे चेपते अन् हेडाचं अॅल्युमिनियम खाते. पन थे दोन व्हॉल्व्हा, १.८ वाल्या, त्याहिले शिम टाकून भागत नाई. सीट खोल गेली का हवा काठावरून वयन घेते, निंघत नाई बराबर. रॉकर बी दांड्याच्या मधात न बसता काठावर घासते, मंग गाइड, म्हंजे दांडा सरकते थे नळी, खाते. त्याहिच्या सीटा काढून नव्या ठोक. मंग हेड उतरवाच लागते. उतरवलंच तं गाइडचा खेळ बी पाय, ब्रॉंझचे गाइड बसव एक्झॉस्टले. आपल्याकडं मे महिन्यात ४६ ची हवा हेडात जाते, बिचाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हले आंग सेकाले जागा एकच, सीट अन् गाइड.

पऱ्हाटी_१३००
काका शिम टाकल्यावर स्प्रिंग पूर्ण दबून अडकणार नाही ना?

बाप्पू_लेथ
शिमनं तू उंची ३३ वर परत आनून रायला, कमी नाई करून रायला. ३३ मधून ९ गेले, २४ उरले. स्प्रिंग २१.५ ले दबते. अडीच मिमी हवा हाय. एक-दीड मिमी पायजेच पायजे. डोये झाकून दोन-दोन शिम टाकनारे येतात माह्याकडं, तुटलेले रॉकर पिशवीत घेऊन.
अन् रिटेनर खाली आल्यावर गाइडच्या रबरी सीलवर टेकते का थे बी पाय. ९ मिमी लिफ्ट म्हंजे सील चेपू शकते. कोनी पायत नाई थे.

कॅमताई
त्यात एक जोड. कॅम बदललाय तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतरही तपासा. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती, त्याला थोडं तेल, जुनं गॅस्केट, हातानेच दोन पूर्ण फेऱ्या, मग माती कापून जाडी मोजायची. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ असं धरतात. एक्झॉस्टला जास्त, कारण तो गरम होऊन लांबतो, आणि पिस्टन वर येताना त्याच्या मागे लागलेला असतो. जरा फ्लोट झाला की पहिली गाठ एक्झॉस्टची पडते.

आणि लिमिटरवर विसंबू नका. लिमिटर इंजिनला स्वतःहून चढू देत नाही. तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर चाकंच इंजिनला ओढून ९००० वर नेतात, तिथे ईसीयू नुसता बघत बसतो.

डेक्कनवाला
एक प्रश्न राहतोय, तो विचारतोच. ७६०० हवेत कशाला? जिप्सीचं इंजिन ७४ मिमी बोअर आणि ७५.५ मिमी स्ट्रोकचं. ७५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.९ मीटर. एस२००० चा ९००० ला २५.२ आहे, म्हणजे आकडा भीतीदायक नाही. पण होंडाच्या रॉड आणि बोल्ट त्यासाठीच घडवलेल्या होत्या. जिप्सी कंपनीतून ६००० ला ८० बीएचपी देते. कॅम बदलून ताकदीचं शिखर कुठे सरकलंय हे कुणी मोजलंय का?

पऱ्हाटी_१३००
नाही मोजलं. खरं सांगू का, ७६०० हा आकडा मी यूट्यूबवर पाहून टाकला होता.

संत्राबाग_वरुड
😂😂

पऱ्हाटी_१३००
तीन आठवड्यांनी येतोय. मध्ये लग्नसराई, मग हळदीचं काम, मग बाप्पूकाकांच्या इथे प्रत्यक्ष जाऊन आलो (काकांचं वर्कशॉप म्हणजे अर्धं मंदिर, जोडे बाहेर काढावे लागतात).

दोन एक्झॉस्ट सीट नव्या बसवल्या. बाकी व्हॉल्व्हना लागेल तिथे ०.५ किंवा १.० चे शिम. आता सोळाच्या सोळा ३२.९ ते ३३.१ मध्ये. एक्झॉस्टचे गाइड ब्रॉंझचे. व्हॉल्व्हची टोकं घासून सपाट केली, रॉकरची रेघ दांड्याच्या मधोमध येते, शाई लावून पाहिलं. मातीची परीक्षा दोनदा घेतली, सगळ्यात कमी एक्झॉस्टला २.९. टायटॅनियम नाही, डबल स्प्रिंग नाही.

रविवारी वावरात नेली. फडफड गेली. ७१०० पर्यंत आवाज स्वच्छ. मग डेक्कनभाऊंचं डोक्यात होतं म्हणून धाकट्याला स्टॉपवॉच घेऊन धुऱ्यावर उभं केलं. तोच सरळ पट्टा, गिअर कधी ७१०० ला, कधी ६८०० ला, कधी ६५०० ला. ६८०० ला टाकला तेव्हा वेळ सगळ्यात कमी. ७१०० ला प्रत्येक वेळी हरलो. लिमिटर आता ७००० वर आणलाय.

तूर वाचली. बायकोला सांगितलं तर म्हणे मग त्या तुरीचं काय करायचं ते मी ठरवते.

बाप्पू_लेथ
पाचशे किलोमीटर नाई तं दोन इव्हेंट झाल्यावर टॅपेट परत पाय. नवी सीट थोडी बसते, गॅप कमी होते. अन् थे डाग पडलेल्या दोन व्हॉल्व्हा बदलल्या का घासल्या?

पऱ्हाटी_१३००
बदलल्या काका. जुन्या दोन तुमच्याच टेबलावर राहिल्या.

बाप्पू_लेथ
हो हो, त्याहिचा पानाडब्यातला चुना काढाले उपयोग होऊन रायला.

संत्राबाग_वरुड
काका, ती हाइट नेमकी कुठून कुठपर्यंत मोजायची ते परत एकदा सांगा. माझ्या डबल स्प्रिंगा अजून खोक्यातच आहेत.